शाबूत तळवे

आमची आत्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात चादरींना इस्त्री करायची. वाफेवर चालणाऱ्या आडव्या प्रेसमध्ये चादर सरकवायची, दांडा खाली ओढायचा, फुस्स झालं की चादर काढून घडी घालायची. उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलंच, तर म्हणायची, "घड्या घालण्यातून सवड कुठे मिळाली?" तिच्या मनगटांवर जुन्या चटक्यांचे डाग होते. तळवे मात्र कायम उबदार असायचे.

रेकी तिच्या आयुष्यात आली ती खांद्यामुळे. दांडा ओढून ओढून उजवा खांदा धरला होता. गोळ्या चालू होत्या, शेक चालू होता. लाँड्रीतली एक मैत्रीण तिला रेकी शिकवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. चपलांच्या दुकानावरच्या खोलीत बाई राहायच्या. त्यांनी आत्याला सतरंजीवर झोपवलं आणि दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. दाबला नाही, चोळला नाही, नुसता ठेवला. आत्या झोपून गेली.

"खांदा गोळ्यांनी मोकळा झाला की हाताने, ते काही मला सांगता यायचं नाही," ती आम्हाला सांगायची. "पण त्या दिवशी लक्षात आलं, काही काम नसताना माझ्या अंगावर कुणी हात ठेवला त्याला किती वर्षं झाली असतील. आठवेचना."

मग ती स्वतःच शिकली. माझे वडील औषधांच्या दुकानात काम करायचे. त्यांनी तिची भरपूर टिंगल केली. "तुझ्या हातात ऊर्जा कसली आलीय? इस्त्रीची उरलेली ऊब आहे ती." आत्या चिडायची नाही. ती म्हणायची, "असेल. वाया तरी जात नाही ना."

बाईंनी तिला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. हात ठेवण्याआधी विचारायचं. आणि अंगाला हात लागलाच पाहिजे असं नाही, वरच्यावर धरला तरी रेकी देता येते. त्यांच्याकडचे काहीजण तर हात लावतच नसत. आत्याला ही दुसरी गोष्ट पटायची नाही. हात लावायचा नसेल तर जवळ तरी कशाला जायचं, असं तिचं म्हणणं होतं.

जळित विभागाच्या मुख्य सिस्टरची मान एकदा आखडली, तेव्हा आत्याने तिच्या मानेवर हात ठेवले होते. तेव्हापासून ती ओळख. एक दिवस सिस्टरच तळघरात आली. "मावशी, वर एक पेशंट आहे. बॉयलरवर कामाला होता, वाफेचा पाइप फुटला. छाती, पाठ, दोन्ही हात, मान. पट्टी बदलायला गेलं की लांबूनच थरथरायला लागतो. तुम्ही नुसत्या बसाल का त्याच्याजवळ? हात मात्र लावायचा नाही."

काम सुटल्यावर आत्या वर गेली. हात घासून धुतले, अंगावर गाउन, तोंडावर मास्क. बॉयलरवाले उताणे पडले होते, पट्ट्यांत गुंडाळलेले. शेजारच्या स्टुलावर त्यांची बायको बसली होती, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून, जणू चुकून कुठे लागतील म्हणून तिने ते बांधूनच ठेवले होते.

आत्याने त्यांच्या छातीवर, बरंच अंतर ठेवून, हात धरले. त्यांनी डोळे उघडले.

"काय करताय?"

"हात धरलेत. रेकी म्हणतात याला."

"मला काय शेकोटी समजलात?"

बायको शरमली. आत्या हसली. "तुम्हाला नको असेल तर जाते."

"बसा. निदान तुमच्या हातात चिमटा नाही."

त्यानंतर ती रोज जायला लागली. अधांतरी हात धरून खांदे भरून यायचे, मग ती थोडा वेळ ते खाली घ्यायची, पुन्हा धरायची. काही होतंय असं तिला वाटायचं नाही. बॉयलरवाले मात्र बोलायला लागले. पाइप कसा फुटला, पांढरं पांढरं कसं झालं, कुणी कसं ओढून बाहेर काढलं. कुणी पट्ट्यांची ट्रॉली ढकलत आलं की चाकांच्या आवाजानेच त्यांचा श्वास अडकायचा. "माझ्याकडे येणारा प्रत्येक हात दुखवायलाच येतो हो," ते एकदा म्हणाले. "त्यांचा दोष नाही. कामच तसलं आहे."

बायको त्या दिवशी बाहेर येऊन आत्याला म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला. आता त्यांना कुठे हात लावू तेच कळत नाही."

आणि एका दुपारी ते घडलं. पायथ्याची चादर चुरगळली होती. आयुष्यभराच्या सवयीने आत्या ती सरळ करायला गेली. चादर वर उचलली आणि तिला त्यांचे तळवे दिसले. टाचांना जुन्या भेगा, अंगठ्याखाली घट्टा, बाकी सगळं जसंच्या तसं. ती बघतच राहिली.

"यांना काही झालं नाही?"

"बूट होते ना. जाड, कंपनीचे. रोज शिव्या घालायचो त्यांना."

"मग इथे कोण हात लावतं?"

बॉयलरवाल्यांनी छताकडे बघत विचार केला. "कोण लावणार? त्यांना झालंय काय?"

आत्या उठून सिस्टरकडे गेली. तळव्यांना हात लावला तर चालेल का, म्हणून विचारलं. रोज त्या माणसाला नखशिखान्त बघणारी ती बाई, पण तळव्यांचा विचार तिच्याही मनात आला नव्हता. त्यांना औषध नको, पट्टी नको, मग कुणाचा हात तिथे जाणार कशाला? "लावा," ती म्हणाली.

आत्याने बॉयलरवाल्यांना विचारलं, "ठेवू का हात?"

"गुदगुल्या होतील."

"झाल्या तर सांगा."

तिने दोन्ही तळव्यांवर आपले तळवे टेकवले. पाय एकदम आखडले, पळायला निघाल्यासारखे. तिने हात हलवले नाहीत. थोड्या वेळाने बोटं सैल झाली. मग घोटे, मग गुडघे. आत्या म्हणायची, भरलेल्या गोणीची शिवण उसवली की दाणे घरंगळत खाली येतात ना, तसा त्यांचा देह सुटत गेला. तिच्या हातांत तो भार उतरला. भाजल्यापासून जे अंग ताठ धरून ठेवलं होतं ते त्या माणसाने खाली ठेवलं आणि तो हमसून रडायला लागला.

बायको घाबरली. सिस्टर धावत आली. "काय झालं? दुखतंय?"

त्यांनी मानेनेच नाही म्हणायचा प्रयत्न केला, मान वळली नाही. "दुखत नाहीये," ते म्हणाले. "कुणीतरी धरलंय आणि दुखत नाहीये."

सिस्टरने ट्रॉली तशीच बाहेर ठेवली. आत्याने कितीतरी लोकांवर हात ठेवले होते, पण तिला तेव्हा पहिल्यांदाच भीती वाटल्यासारखं झालं. हातांत केवढी मोठी गोष्ट घेऊन आपण फिरतो, आणि तिने नुसत्या चादरी सरळ करतो, असं तिला वाटलं.

मग तिने मान वळवून बायकोला बोलावलं. "इकडे या. हात धुऊन या."

बायको आली. आत्याने एक हात अलगद काढला आणि तिचा हात तिथे टेकवला. थंडगार, घामेजलेला.

"हा तुझा," बॉयलरवाले डोळे मिटूनच म्हणाले.

"कसं कळलं?"

"कळणार नाही? मधलं बोट सुई टोचून टोचून खडबडीत केलंयस."

ती हसली आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला गेली, पण तळव्यावरचा हात काही तिने काढला नाही.

पुढे पट्ट्या बदलताना बायकोने पायथ्याशी उभं राहून तळवे धरायचे, असं ठरूनच गेलं. दुखायचं तितकंच. ओरडणंही होतंच. पण आधी त्यांना धरून ठेवावं लागायचं, ते बंद झालं. कुणी ट्रॉली आणली की ते म्हणायचे, "थांबा, आधी तिला येऊ द्या."

जखमा भरल्या. दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली, मानेवर व्रण राहिले, डावा हात पुरता वर जात नाही. पण बॉयलरवाले आपल्या पायांनी चालत घरी गेले. वडिलांनी विचारलं, "तुझ्या रेकीने बरा झाला म्हणायचा तर?"

"छे. डॉक्टरांनी बरा केला."

"मग तू काय केलंस?"

"मी त्याचे पाय धरले," आत्या म्हणाली. वडील खूप हसले. मग बऱ्याच वेळाने, माझ्या आईला ऐकू येईल इतपत आवाजात म्हणाले, "हे आम्हाला दुकानात सुचलं नसतं."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आत्या त्या विभागात जात राहिली. पेशंटला सगळेच विचारतात, कुठे दुखतंय. ती विचारायची, "कुठे दुखत नाही?" बहुतेक जण आधी गोंधळायचे, कारण त्या जागेकडे त्यांचंच लक्ष गेलेलं नसायचं. मग शोधायला लागायचे. एकाने कानाची पाळी सांगितली. एका मुलीने डाव्या हाताची करंगळी पुढे केली. एक म्हातारीशी बाई म्हणाली, "उद्या सांगते, बघावं लागेल." दुसऱ्या दिवशी आत्या गेली तर ती वाटच बघत होती. "डोक्यावर," ती म्हणाली, आणि तिने मान खाली घातली.