नर्सबाईंच्या पट्ट्या

आमच्या आळीतल्या नर्सबाई सायकलीवरून पडल्या की आधी सायकल बघायच्या, मग लुगडं, आणि शेवटी स्वतःचा गुडघा. "गुडघा फुकट भरून येतो गं," म्हणायच्या.

पंचवटीतल्या दवाखान्यात त्या नव्याच लागल्या होत्या. बाळंतपणांना मखमलाबादपर्यंत जावं लागे, म्हणून दवाखान्याची सायकल मिळाली. नऊवारीचा काष्टा सायकलीला तसा सोयीचा, पण उजव्या पायाकडचा काठ साखळीत जायचा. लुगडी दोनच, दोन्हींचे काठ कुरतडलेले. तिसऱ्यांदा पडल्या त्या दिवशी कळा सुरू झालेली एक बाई तासभर खोळंबली. डॉक्टरांनी सांगितलं, सोमवारपासून वेळेवर पोचणं जमत नसेल तर दुसरी बाई बघतो.

मेन रोडच्या दुकानात साहेबलोकांचे सायकलीचे मोजे आणि पाटलोण आवळायचे चिमटे होते. बाई ते नुसते बघून आल्या. नवी वस्तू घेण्याआधी ती कुणी टाकून दिली आहे का ते बघावं, असं त्यांचं मत होतं. बुधवारच्या बाजारात एक म्हातारे चाचा देवळाली छावणीतलं जुनं सामान विकायचे. बाईंनी मलाही ओढून नेलं. परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. मी आपली पिशवी धरून मागे उभी. गोरे शिपाई पोटऱ्यांना गुंडाळतात त्या लांब खाकी पट्ट्यांची जोडी बाईंनी उचलली.

"पलटणीचा माल हाय बाई, माणूस झिजंल, पट्टी नाय," चाचा म्हणाले.

बाईंनी उजेडात धरून त्यातली भोकं दाखवली आणि अर्ध्या भावात जोडी आणली.

पण उकळल्याशिवाय कोणतीच गोष्ट त्या अंगाला लावत नसत. त्यांनी पट्ट्या सोडा घालून दोनदा उकळल्या. खाकी रंग पाण्यात गेला आणि हाती पांढुरक्या चिंध्या आल्या. सोमवारी लुगड्याच्या काठावरून त्या गुंडाळून बाई निघाल्या तेव्हा दोन्ही पाय मोडल्यासारखे दिसत होते. मला तर रडूच आलं.

घाटाच्या वळणावरचे रिकामे लोक रोज "बाई, घोडं आवरा" म्हणून हसायचे. त्या दिवशी त्यांतल्याच एकाने "फार लागलं का हो?" म्हणून विचारलं आणि पुढची बैलगाडी बाजूला घ्यायला लावली. बाई मखमलाबादला वेळेआधी पोचल्या. मुलगी झाली. नोकरी राहिली.

मी म्हटलं, काताच्या पाण्यात परत रंगवून देते. "राहू दे," त्या म्हणाल्या, "वाट मिळते आहे."

पुढे त्यांची निफाडला बदली झाली. तिथल्या सायकलीला साखळीवर झाकण होतं. निघताना त्यांनी पट्ट्या माझ्या हातात ठेवल्या. "लाज मलाही वाटते गं. पाय बांधले की ती जरा आत बसते."

पुढच्या बुधवारी मी त्या गुंडाळल्या आणि एकटीच बाजारात गेले, पायी. चाचांनी काळजीने विचारलं, पायाला काय झालं.

"काही नाही," मी म्हणाले, "तुमचाच माल आहे."