देवरे अण्णांचं इंजिन

देवरे अण्णांनी स्वतःच्या घराची बेल कधी वाजवली नाही. हॉर्नही नाही. बाहेरून आले की फाटकासमोर मोटरसायकल उभी करायचे, इंजिन चालूच ठेवायचे आणि हाताची घडी घालून सीटवर बसून राहायचे. धक... धक... धक... दोन ठोक्यांमध्ये एवढी जागा, की आता बंद पडली असं वाटावं आणि मग पुढचा ठोका यावा. तेवढ्यात सुमनताई पदराला हात पुसत येऊन फाटक उघडायच्या. खरं तर गाडी कोपऱ्यावर असतानाच त्या स्वयंपाकघरातून निघालेल्या असायच्या, आणि गॅसवर चहाचं आधण चढलेलं असायचं. पाथर्डी फाट्याजवळ आमच्या रो-हाउसच्या रांगेत त्यांची भिंत आणि माझी भिंत एकच. त्यामुळे हा सोहळा मला रोज ऐकावाच लागायचा.

मी इथे राहायला आले त्याच आठवड्यात भांडायला गेले होते. मी शाळेत शिकवते. रविवारी वह्या तपासायच्या असतात, आणि पलीकडे हा गृहस्थ सकाळपासून इंजिनाला रेस देत होता. "अहो, किती आवाज करता?" मी फाटकातूनच म्हटलं. त्यांनी गाडी बंद केली, चिंधीला हात पुसले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "आवाज करतो ते खरं हाय, बाई. पण तो चांगला वाटला का बिघडलेला?" मला हसू आलं आणि भांडण तिथंच बारगळलं. सुमनताईंनी चहा दिला. तो इतका गोड होता की मला आणखी तासभर राग येऊ शकला नाही.

अण्णा मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर ते हौसेने लोकांची जुनी इंजिनं उघडून बसत. मनुष्य हट्टी. नव्या गाड्यांविषयी बोलताना तोंड असं करायचे की जणू भाजीत मीठच नाही. "बटण दाबलं की चालू. तिला माणूस लागतच नाय," म्हणायचे. पाना हातात घेण्याआधी चालू इंजिनाजवळ नुसते बसून राहायचे. "आधी ऐकायचं. तिला काय होतंय ते ती सांगती." आमच्याशी ते मराठी बोलत, बायकोशी आणि गाडीशी मात्र अहिराणी. "घाई कसाले करस?" असं कुणाला दटावलं, की मला भिंतीपलीकडून कळायचं नाही ते कुणाला. एकदा मी तसं चिडवलं तर म्हणाले, "दोघींना तिकडूनच आणलंय, बाई. मराठी त्या मागाहून शिकल्या."

गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची जुनी बुलेट, लग्नानंतर घेतलेली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते सुमनताईंना तिच्यावर बसवून कळवणजवळच्या त्यांच्या माहेरी न्यायचे. त्यांच्याकडे लेकीबाळींचा माहेरचा सण तो. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. सुमनताईंची नातवंडं शाळेत जाऊ लागली, तरी त्या आखाजीला झोक्यावर बसायच्या आणि परत येऊन मला त्याचं वर्णन करायच्या. ते करताना त्या लाजायच्या, हे मला फार आवडायचं.

मग त्यांना विसर पडू लागला. आधी डब्यांचा, मग रस्त्यांचा, मग माणसांचा. मुलगा बंगळुरूहून आला तर त्यांनी त्याला पाहुण्यासारखं पाट-पाणी केलं. मला त्या कधी बाई म्हणायच्या, कधी वहिनी, कधी नुसत्याच बघत राहायच्या. पण कोपऱ्यावर बुलेट वाजली की बरोबर उठायच्या आणि फाटक उघडायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओळखीच्या जागी नेत जा. अण्णांनी मनात पक्कं केलं: अजून काही आठवतंय तोवर हिला आखाजीला माहेरी न्यायचं. बस किंवा कारमध्ये त्या दारं बंद झाली की घाबरायच्या, ओरडायच्या. मागच्या सीटवर नेलं, तर वणीच्या पुढे त्यांनी धरलेला सदरा सोडून दिला. पडल्या नाहीत, हे नशीब. अण्णा तिथूनच गाडी वळवून परत आले.

त्यातून त्यांनी साइडकार बसवायचं ठरवलं. शेजारी जोडलेली बैठक, उघडी, दार नसलेली. पण बसवली तर जुन्या इंजिनाला ते ओझं ओढवेना. चढावर गाडी धापा टाकायची, तापून थांबायची. मग अण्णा हिवाळाभर इंजिन घेऊन बसले. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या रफिकभाईंच्या लेथवर सिलिंडर मोठा करून घेतला, मोठा पिस्टन टाकला, नवा कॅम, मोठा कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर. त्या दिवसांत त्यांचा चेहरा मी फार वर्षांनी हसरा पाहिला. "आता बघा, बाई. घाट असा चढंल, की हिला कळणार बी नाय," म्हणाले. चाचणीला ते दिंडोरीच्या पुढे जाऊन आले. इंजिन झकास झालं होतं. रफिकभाईसुद्धा म्हणाले, "अण्णा, इसमें तो जान आ गयी."

संध्याकाळी ते गाडी घेऊन फाटकासमोर थांबले. आम्ही दोन-तीन शेजारी कौतुकाने बघत होतो. आवाज भरदार होता, भराभर पडणारा. सुमनताई आल्या नाहीत. अण्णांनी वाट पाहिली. शेवटी त्या दारात आल्या, दाराच्या कडीवर हात ठेवून परक्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मालक घर नहीत. त्यासनी गाडी आजून वनी नही." मालकांची गाडी अजून आलीच नाही, असं त्या त्यांनाच सांगत होत्या.

"सुमन, मी शे," अण्णा म्हणाले.

त्यांनी पदर सावरला, मान हलवली आणि दार लावून घेतलं. आम्ही शेजारी आपापल्या घरात गेलो. त्या वेळी थांबणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी गाडी बंद ठेवून त्यांना साइडकारमध्ये बसवलं, तर इंजिन चालू होताच त्या घाबरून उतरू लागल्या. परक्या गाडीवर त्या बसणार नव्हत्या. आखाजी जवळ आली होती. अण्णांनी केलेलं सगळं उलटं करायला घेतलं. कॅम जुना, कार्बोरेटर जुना, सायलेन्सर जुना. अडलं ते सिलिंडरपाशी. "खरवडून काढलेलं लोखंड परत कुठनं आणू?" असं ते मला विचारत होते, जणू मीच ते कुठे ठेवलं होतं. रफिकभाई म्हणाले, आत नवी नळी ठोकून मूळ मापावर आणता येईल. पण नळी यायला वेळ लागला, पहिली आली ती बसेना. त्यात आखाजी होऊन गेली. कळवणहून मेव्हण्याचा फोन आला, तो अण्णांनी घेतला नाही.

दसऱ्याच्या सुमारास इंजिन पुन्हा पहिल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी मी गच्चीत कपडे काढत होते. कोपऱ्यावरून तो आवाज आला आणि माझ्याच अंगावर काटा आला. धक... धक... धक... मधे तेवढीच जागा. तंतोतंत तोच. सुमनताई अंगणात खुर्चीवर लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली, फाटकाकडे पाहिलं आणि पुन्हा लसूण सोलू लागल्या. अण्णा बराच वेळ तसेच बसून राहिले. मग स्वतः उतरून त्यांनी फाटक उघडलं.

मी खाली गेले. म्हटलं, "अण्णा, आवाज अगदी तोच आहे हो."

"नाय, बाई. थोडा फरक हाय," ते म्हणाले आणि पान्यांची पेटी घेऊन बसले.

मग ते रोजचंच झालं. टॅपेट सैल करायचे, पॉइंट घासायचे, कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचे, गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणायचे, फाटकापाशी थांबायचे. सुमनताई बसलेल्याच. एक दिवस अण्णांनी मला हाक मारली. "बाई, तुम्ही इतकी वर्षं ऐकलंय. खरं सांगा, काय वाटतं?" त्यांचे डोळे मी पाहिले. इंजिनात काडीचाही दोष नव्हता. दोष इंजिनात नसेल तर तो कुठे आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी कान दिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "थोडा फरक आहे, अण्णा. अगदी थोडा." त्यांनी सुस्कारा टाकला आणि लगेच पाना उचलला.

सुमनताई संक्रांतीच्या आधी गेल्या. शेवटचे दिवस त्या कुणालाच ओळखत नव्हत्या. मला अजूनही भिंतीपलीकडची ती शांतता सोसत नाही. संध्याकाळी मी उगाच टीव्ही मोठा लावते.

उन्हाळ्यात अण्णा घर विकून सटाण्याला भावाकडे राहायला निघाले. बुलेट त्यांनी टेम्पोत चढवली. मी डब्यात वाटेसाठी दशम्या दिल्या. ते डबा घेऊन उभे राहिले, निघेचनात.

"बाई, आवाज पहिल्याच दिवशी बरोबर जमला होता," ते म्हणाले. "मला तवाच कळलं होतं."

"मलाही," मी म्हणाले.

"तुम्ही फरक हाय म्हणालात, ते खोटं बोललात."

"हो, अण्णा."

त्यांनी मान हलवली. "कितीतरी दिवसांनी मी त्या राती पोटभर जेवलो होतो," म्हणाले, आणि टेम्पोत जाऊन बसले.