गयाबाईने आखलेली रेघ

अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्याचा कबड्डीचा सामना असला, की गयाबाईच्या घरी त्या दिवशी स्वयंपाक घाईघाईत उरकायचा. आमटीत मीठ पडलं तर पडलं, नाही तर नाही. तिचा नवरा महिपती त्याच कारखान्यात पॅकिंगला होता. तो बिचारा अळणी आमटी भुरकत म्हणायचा, "लोकांच्या बायका पिक्चरला जातात. आमची बाई मैदानावर जाते, उघड्या मांड्यांची माणसं बघायला!"

"तुमच्या मांड्या बघून झाल्या की. त्यात आता काय राहिलंय?" गयाबाई पदर खोचत म्हणायची, आणि चाळीतल्या बायकांचं हसू आवरेपर्यंत विहाराच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी व्हायची.

हे वेड तिला लागलं ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला. गयाबाई घरी पापड लाटून उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडे पोचवायची. त्या दिवशी ती रिकामी पाटी घेऊन परत येत होती. वाटेत कारखान्याच्या मैदानावर माणसांची ही गर्दी! मारामारीच असणार असं समजून ती आत घुसली. मारामारी बघायला कोणाला आवडत नाही? पण आत जाऊन बघते तो काय, सात आडदांड माणसं हाताला हात धरून उभी आणि त्यांच्यासमोर एकटाच एक काळासावळा, शिडशिडीत गडी तोंडानं काहीतरी पुटपुटत वाकून फिरतोय. हा आता मरणार, असं तिला वाटलं. तेवढ्यात ते सातजण त्याच्यावर तुटून पडले. धुळीचा एकच लोट उठला, आणि त्या धुळीतून तो गडी कसा कोण जाणे, मासळी हातातून निसटावी तसा निसटला आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. तोंडानं अजून चालूच, कबड्डी कबड्डी कबड्डी!

गयाबाईनं तोंडात बोट घातलं. एका श्वासात माणूस एवढं करू शकतो? ती स्वतः कल्याणचा पूल चढली तरी तिला दोनदा थांबून दम खावा लागे. शेजारच्या माणसाला तिनं विचारलं, हा कोण? तो म्हणाला, "चांगो म्हसकर. आपल्या कारखान्याचा. खेळावरच नोकरी दिलीय त्याला."

खेळावर नोकरी देतात, हे दुसरं आश्चर्य. त्या दिवसापासून गयाबाई त्या संघाची झाली.

ती काही नुसती मैदानापुरती नव्हती. कारखान्याचा संघ कुळगावला गेला, ही कुळगावला. शिरगावला मंडळाच्या स्पर्धा असल्या, ही पापडाचं पीठ शेजारणीच्या गळ्यात घालून शिरगावला. पुरुषांच्या गर्दीत एकटी बाई, पण तिला कोणी धक्का लावायची हिंमत केली नाही, कारण तिचा आवाज. चांगो चढाईला निघाला, की गयाबाई "जा रे माझ्या वाघा!" अशी काही आरोळी ठोकायची, की पुढचे चारजण आपोआप बाजूला सरकायचे. बाकी खेळाडूंनाही ती ओरडायची, नाही असं नाही, पण ते आपलं शेजारधर्म म्हणून.

गंमत म्हणजे या चांगोशी ती कधी एक शब्दही बोलली नव्हती. एकदा तो तिला बाजारात दिसला. वाळलेले बोंबील घासाघीस करून घेत होता. गयाबाई जागीच थबकली. हा माणूस बोंबील खातो? भाव करतो? तिला इतकं अवघडल्यासारखं झालं, की ती हातातली भाजी तशीच टाकून पलीकडच्या गल्लीत शिरली. घरी महिपतीला सांगितल्यावर तो म्हणाला, "मग काय वारा खाऊन राहील काय?" पण महिपतीला ते कळण्यातलं नव्हतं. तो चांगोबरोबर एका कँटीनमध्ये जेवायचा. रोज दिसणाऱ्या माणसाचं कोणाला अप्रूप वाटत नाही.

मैदानावर गयाबाईची एक जागा ठरलेली होती, डाव्या हाताचा कोपरा, रेघेला अगदी लागून. ती तिला कशी मिळाली त्याचीही कथा आहे. मैदानाची निगा धर्मराज नावाचा म्हातारा ठेवायचा. माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, हे सगळं तो झकास करी. पण शेवटी पांढऱ्या फक्कीनं रेघा आखायला लागला, की त्याचा हात थरथरे आणि रेघ वाकडीतिकडी व्हायची. एकदा गयाबाईला ते बघवेना. तिनं बादली त्याच्या हातातून काढूनच घेतली. जयंतीला विहारासमोरची रांगोळी तिचीच असे. चिमटीतून फक्की सोडत ती जी मागे मागे सरकत गेली, ती थेट दुसऱ्या टोकालाच थांबली. रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ. पंच बघत राहिले. तेव्हापासून त्या मैदानावर कुठलीही स्पर्धा असो, रेघा गयाबाईच्या. आणि रेघ आखणारणीला रेघेजवळ बसू नको, असं कोण म्हणणार?

अशी सात-आठ वर्षं मजेत गेली. मग कारखान्यात नवे मोठे साहेब आले. त्यांना खेळाचा शौक नव्हता. खेळाडूंना सरावासाठी दोन तास आधी सोडतात, हे त्यांच्या डोळ्यांवर आलं. त्यांनी साफ सांगून टाकलं, यंदा आपल्याच मैदानावर स्पर्धा आहे, ढाल जिंकून दाखवा, नाही तर संघ बंद. महिपतीनं ही बातमी घरी आणली तेव्हा गयाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. जुने कायम आहेत, ते गपगुमान मशीनवर उभे राहतील. पण ती दोन नवी पोरं आहेत ना, बबन आणि कान्हा, ती अजून टेंपररीच आहेत. संघ गेला की त्यांना घरी पाठवणार."

गयाबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही. बबन आणि कान्हा बारवीकडच्या पाड्यांवरची पोरं. भातलावणी सोडून पहिल्यांदाच कुठं चिकटली होती. आणि चांगो मशीनवर? ज्याचा श्वास बघायला तीन गावची माणसं गोळा होतात, तो आठ तास रंगाचे डबे हलवणार? हे तिला सहनच होईना.

एकोणनव्वदच्या थंडीतली ती स्पर्धा. कारखान्याचा संघ एकेक सामना मारत अंतिम फेरीत आला आणि समोर उभा ठाकला उल्हासनगरच्या कॉलेजचा संघ. पोरं विशीतली, अंगात नुसती रग. त्यांचा कप्तान हरेश हा सिंधी मुलगा, गोरापान आणि जाडजूड. कोपऱ्यात उभा राहून पाय धरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

रविवारी दुपारी गयाबाईनं रेघा आखल्या. इतक्या मन लावून तिनं घरची रांगोळीही कधी काढली नव्हती. मंडपात मोठे साहेब खुर्चीवर बसले होते, शेजारी टेबलावर ढाल. महिपतीसुद्धा आला होता, कधी नव्हे तो.

सामना काय झाला! कधी कारखाना पुढे, कधी कॉलेज पुढे. गयाबाईचा घसा मध्यंतरापर्यंतच बसला. चांगोचं वय आता तिशीपलीकडे गेलेलं, पण त्या दिवशी त्याच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. आणि शेवटी वेळ अशी आली, की कॉलेज एका गुणानं पुढे आणि कारखान्याची शेवटची चढाई. चांगो निघाला.

गयाबाईच्या तोंडून आरोळीसुद्धा फुटेना. चांगो डावीकडे सरकत सरकत तिच्याच कोपऱ्यात आला, इतका जवळ, की त्याच्या कपाळावरचा घाम तिला दिसला. त्यानं वाकून हरेशच्या खांद्याला हात लावला. हरेशनं झेप घेऊन त्याचा घोटा पकडला. दुसऱ्या एकानं कंबर धरली. ओढाताणीत चांगो मागे रेलला, मग त्यानं असा काही हिसका दिला, की दोघेही त्याच्याबरोबर फरफटत गेले, आणि धुळीच्या लोटात त्याची बोटं मधल्या रेघेला जाऊन टेकली. श्वास चालूच होता.

दोन गुण! कारखाना जिंकला! माणसं मैदानात घुसली. बबन आणि कान्हानं एकमेकांना उचलूनच घेतलं. महिपतीनं टोपी हवेत उडवली.

पण हरेश उठला तो थेट पंचांकडे धावला. "बाहर गया था! इसका पाँव बाहर गया था!"

मुख्य पंचांनी शिटी मारून सगळ्यांना हटवलं. रेघेवरच्या पंचाला विचारलं. तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, धूळ होती, मधे अंगं होती, नक्की सांगता येत नाही. सगळे कोपऱ्याशी गोळा झाले. बघतात तर फरफटीत रेघच पुसून गेलेली. हातभर फक्की मातीत मिसळून राखाडी झालेली. पाय रेघेच्या आत होता की बाहेर, हे आता कळायचं कसं? लोक ओरडायला लागले. मोठे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

तेव्हा हरेश एकदम वळला आणि गयाबाईकडे बोट करून म्हणाला, "इस अम्मा को पूछो ना. लाईन तिनेच मारलीय. इथेच बसली होती."

कॉलेजची पोरं चमकली. "अरे पागल झालास काय? ती त्यांची बाई आहे. सारखी त्यांच्याच नावानं ओरडते."

"ओरडू दे. अम्मा झूठ नहीं बोलेगी."

पंच अवघडले. प्रेक्षकाला विचारून निकाल द्यायचा, हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. त्यांनी चांगोकडे पाहिलं. चांगो कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. तो म्हणाला, "गयाकाकी सांगल, त्ये मना मान्य हाय."

गयाकाकी! गयाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. याला माझं नाव ठाऊक आहे? इतकी वर्षं या माणसाकडे ती डोळे फाडून बघत होती, आणि त्या गर्दीत हाही आपल्याला बघत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या आनंदानं तिचा ऊर भरून आला, पण तो क्षणभरच. कारण तिनं पाहिलं होतं. चांगो मागे रेलला तेव्हा त्याची डावी टाच रेघ ओलांडून, तिच्या पायापासून वीतभरावर, मातीत टेकली होती. ती जिथे टेकली तो मातीचा तुकडासुद्धा ती डोळे मिटून दाखवू शकली असती.

तिनं बबनकडे पाहिलं. त्याचा चेहरा अजून हसरा होता, त्याला अजून काही कळलंच नव्हतं. तिनं महिपतीकडे पाहिलं. तो दुरूनच मान हलवत होता, आत सांग, आत सांग. कोणाला कळणार होतं? एक शब्द, आणि संघ राहणार, पोरं राहणार, पुढच्या रविवारी पुन्हा चांगोची चढाई. तिला तेच हवं होतं, जिवापाड हवं होतं. पण रेघ तिच्या हातची होती. आणि दुसऱ्याच्या पोरानं तिच्यावर भरवसा टाकला होता.

"बाहेर," ती म्हणाली. बसलेल्या घशातून आवाज निघाला नाही, म्हणून तिला पुन्हा सांगावं लागलं. "टाच बाहेर टेकली."

मग जो गलका झाला तो विचारू नका. कॉलेजच्या पोरांनी हरेशला डोक्यावर घेतलं. कारखान्याच्या लोकांनी गयाबाईला नाही नाही ते ऐकवलं. "घरभेदी बाई!" कोणीतरी ओरडलं, ते महिपतीच्याच खात्यातलं. महिपती खाली मान घालून बसला. मोठे साहेब ढाल द्यायलासुद्धा थांबले नाहीत, गाडीत बसून निघून गेले. आता संघाचं काय होणार, हे कोणी कोणाला सांगायची गरज उरली नाही.

गयाबाई जागची हलली नाही. समोर दोन्ही संघ रांगेनं पंचांशी हात मिळवत होते. चांगो पुढे, मागे त्याचे सहाजण. पहिला पंच झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. आता रांग वळून निघून जाणार. पण चांगो वळला नाही. तो तसाच पुढे चालत कोपऱ्यापर्यंत आला आणि त्यानं गयाबाईसमोर हात पुढे केला.

ती धडपडत उठली. "चांगो, मी तरी काय करणार होते रे," ती म्हणाली. आयुष्यात त्याच्याशी बोललेले तिचे हे पहिले शब्द.

चांगोनं तिच्याकडे पाहिलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, "मना ठावं व्हता, काकी. टाच टेकली तवाच समजला. हात वर करून आउट सांगाचा व्हता. पन ही दोन पोरं डोल्यासमोर आली, न् हात उचललाच नाय." त्याचे डोळे भरून आले. "माज्यानं जालं नाय, त्ये तुमी केलांव."

ज्या माणसाच्या एका श्वासापुढे ती आठ वर्षं हात जोडून बसली होती, तो आज तिच्यापुढे असा उभा होता. गयाबाईला तो तसूभरही लहान वाटला नाही. तिला गलबलून आलं. पुरुषाशी हात कसा मिळवतात हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. मग मागचा आला, त्याच्या मागचा आला. सगळ्यांत शेवटी बबन आणि कान्हा आले. कान्हानं मान खाली घालून हात पुढे केला. तो थंडगार पडला होता. गयाबाईनं तो धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.