हार्डलीचं शेपूट

इंग्रजी भाषेने कोल्हापुरात ज्या एका माणसाशी सर्वांत मोठा दगाफटका केला असेल, तो माणूस म्हणजे आमचे टायपिंगवाले मामा. हे मी रागानेच लिहितो आहे. राग नेमका कुणावर धरावा, हे मात्र इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

मामा तसे कुणाचेच मामा नव्हते. बिंदू चौकाजवळ एक अरुंद जिना चढून गेलं की त्यांचा टायपिंगचा क्लास होता. सकाळ-संध्याकाळ मुलं तिथे सहा मशीन बडवत, आणि दुपारी मामा लोकांचे नोकरीचे अर्ज टाइप करून देत. टाइप करून देत म्हणणंही चूकच, ते अर्ज सुधारत. कच्चा कागद हातात आला की चष्मा कपाळावर चढवून तो नाकाजवळ धरत, आणि त्यात एखादं क्रियाविशेषण 'ली'शिवाय दिसलं, की रस्त्यात टॉवेल गुंडाळून फिरणारा माणूस पाहावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. "काम कसं केलं हे सांगणारा शब्द हाय न्हवं? मग त्याला शेपूट पायजेच. स्लोली, क्विकली, नीटली! शेपटाबिगार माझ्या मशीनवरनं कागूद उतरत न्हाय." एका पैलवानाच्या अर्जात त्यांनी 'फास्ट'चं 'फास्टली' केलं. शेजारच्या वकिलांनी हरकत घेतली, तर त्यांना जिन्यावरूनच परतवून लावलं. "वकीलसाहेब, कायदा तुमचा, व्याकरण माझं!"

माझं बी.ए. संपत आलं होतं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कागलहून एस.टी.ने येत-जात असे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं इंग्रजी तपासणारं घरी कुणी नव्हतं. एका साखर कारखान्यात कारकुनाची जागा निघाली होती. चार दिवस शब्दकोश उलटून मी अर्ज लिहिला. शेवटचं वाक्य होतं, मी कष्टाने काम करीन, 'आय विल वर्क हार्ड'. मामांनी अर्ज टाइप करून पाकिटात घालून दिला. त्यांच्यासमोर पाकीट उघडून तपासणं मला उद्धटपणाचं वाटलं.

मुलाखतीत साहेबांनी तो अर्ज मोठ्याने वाचला. "आय विल वर्क हार्डली. पावणं, म्हंजे तुम्ही काम जेमतेमच करणार? न केल्यागत?" शेजारचा साहेब म्हणाला, "गडी प्रामाणिक हाय की! आधीच सांगून टाकतोय." दोघं हसले. चहा आणणाराही हसला.

दुसऱ्या दिवशी मी तडक मामांकडे गेलो. काय काय बोलायचं ते एस.टी.त पाठ केलं होतं. पण जिना चढल्यावर एवढंच तोंडातून निघालं, "मामा, हार्डलीचा अर्थ बघता का जरा?" आणि मी शब्दकोश त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग टेबलावर असा हात आपटला की मशीनची घंटी वाजली. "स्लोचं स्लोली चालतं, क्विकचं क्विकली चालतं, मग ह्या हार्डलाच काय धाड भरलीया? कष्टाला मानानं शेपूट लावलं, तर कष्टच गायब? ही काय भाषा हाय का चेष्टा?" बराच वेळ ते इंग्रजांना, कोशवाल्यांना, कारखान्याच्या साहेबांना शिव्या घालत राहिले. मीही मनातून घालत होतो.

मग एकाएकी ते थांबले. "लेका, तुझा एकट्याचाच न्हाय रं. माझ्याकडनं गेलेल्या समद्या अर्जांत शेवटची वळ हीच. किती पोरं गेली असतील अशी... आणि कुणी परत येऊन सांगितलंबी न्हाय."

पाठ केलेलं सगळं मी गिळून टाकलं. म्हणालो, "मामा, पुढचा अर्जही तुम्हीच टाइप करायचा."

त्यांनी केला. 'हार्ड' आणि पूर्णविराम यांच्यामध्ये मात्र 'ली'च्या एल आणि वाय या दोन अक्षरांची जागा कोरी सोडली होती. कागद मशीनवरच ठेवून त्यांनी मला हळूच विचारलं, "तूच बघ. मोकळं ऱ्हाऊ दे का?" मी म्हणालो, "राहू दे." तेव्हापासून ते प्रत्येकाच्या अर्जात तशी जागा सोडत आणि समोरच्याला विचारत. व्याकरण माझं, असं त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटे.

त्या जागेसकटच्या अर्जावर मला नोकरी लागली. पुढे संगणक आले, क्लास बंद झाला, मामाही गेले. आता ऑफिसात मी इंग्रजी पत्र लिहितो आणि 'हार्ड' आलं की माझं बोट आपोआप दोन जागा मोकळ्या सोडतं. संगणक लगेच खाली नागमोडी रेघ ओढून सांगतो, इथे काहीतरी चुकलं आहे.

मी त्याचं ऐकत नाही.