अब्बूंच्या डोक्याची पट्टी

आधी कबूल करा की हसणार नाही. आमच्या दवाखान्यात कोणालाही विचारलंत तर ते तिखटमीठ लावून सांगतील, त्यापेक्षा मीच सांगते. मूर्खपणा माझा, निदान सांगायचा हक्क तरी माझ्याकडे राहू द्या.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी नर्सिंग पास होऊन वरोऱ्याला घरी बसले होते. अब्बू टेलर. घराण्यात नोकरीसाठी बाहेर पडणारी मी पहिलीच पोरगी. मला शिकवायचं म्हणून अब्बू अर्ध्या नातेवाइकांशी भांडले, उरलेल्या अर्ध्यांशी अम्मी भांडली. अशात पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या एका दवाखान्याचं पत्र आलं. जागा एक, मुलाखत होईल आणि डोक्याची पट्टी बांधून दाखवावी लागेल. ही नोकरी हुकली तर माझं लग्न लावून द्यायचं, हे चाचांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

पट्टी म्हटलं की सोपं वाटतं ना? डोक्याची बांधून बघा! बांधली की टोपीसारखी दिसते आणि मान हलवली की टोपीसारखीच पडते. आठ दिवस मी अब्बूंचं डोकं बांधत होते, सोडत होते. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, चांगली पट्टी दिवसभर जागची हलत नाही. त्यावरून मला एक कल्पना सुचली. मी हुशार होते हो, तोच तर घोळ आहे.

"अब्बू, तुमी सोबत येऊनच राह्यले ना? मंग पट्टी घरूनच बांधून चला."

"अन लोक काय म्हनतीन?"

"लोकायले काय करायचं? एसटीच्या एवढ्या धक्क्यात पट्टी हलली नाई, हे पाह्यल्यावर मले कोन नाई म्हनीन?"

अब्बूंनी मुकाट्यानं डोकं पुढे केलं. पट्टी सुटू नये म्हणून मी कानांवरून चार वेढे जास्तच घेतले. शेवटचं टोक बसेना, तेव्हा अब्बूंनीच आरशात बघून त्याला सुईदोऱ्यानं टाके घातले. सेफ्टी पिन लावणं हा टेलर माणसाला अपमान वाटतो.

कान बांधल्यावर माणसाला ऐकू येत नाही, हे नर्सिंग पास झालेल्या मुलीच्या लक्षात आलं नाही. आणि लेकीची मुलाखत म्हणून अब्बूंनी आदल्या संध्याकाळी केसांना ताजी मेंदी लावली होती, तेही मी विसरले.

चंद्रपूरला एसटी बदलली. एप्रिलचं ऊन, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. अब्बूंना घाम फुटला आणि घामाबरोबर मेंदी पट्टीवर उतरायला लागली. तांबडी.

"अवो बाई! भाऊच्या डोक्यातून रक्त निंगून राह्यलं!" एक बाई ओरडली.

मी सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात ती बाई उठली आणि तिनं अब्बूंना खिडकीची जागा दिली. मी म्हटलं, बसू दे बिचाऱ्यांना दोन मिनिटं, मग सांगू. त्या दोन मिनिटांनीच घात केला.

"भाऊ, लय दुखते काय?" एका शेतकऱ्यानं वाकून विचारलं. अब्बूंना ऐकू आलं नाही. ते गोड हसले.

"हासून राह्यला बाप्पा! मेंदूले लागलं वाटते!"

सगळे इतक्या मायेनं बघताहेत म्हटल्यावर अब्बूंनी उजवा हात कपाळाला लावून सगळ्यांना सलाम केला. हा शेवटचाच निरोप असं समजून मागच्या दोन बाया रडायला लागल्या.

कंडक्टरनं ड्रायव्हरला हाक मारली, "दवाखान्यापर्यंत कुठीच थांबू नको गा!"

दोन थांबे गेले. तिथं उतरणारे होते, पण कोणी हूं की चूं केलं नाही. एक म्हातारेबुवा तर म्हणाले, "आमी जाऊ पायदळ. मानसाचा जीव मोठा." आता तुम्हीच सांगा, अशा वेळी 'बुवा, ही मेंदी आहे' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी बाहेर झाडं बघत बसले.

एसटी थेट दवाखान्याच्या फाटकात. चौघांनी अब्बूंना उचललं. अब्बूंना वाटलं, मुलाखतीला आलेल्यांचं इथं असंच स्वागत करतात. ऐकू येत नसल्यामुळे ते मोठ्यांदा म्हणाले, "बेटा, इथले लोक लय चांगले हायेत!"

स्ट्रेचर आत गेलं. मुलाखती अर्ध्यावर टाकून डॉक्टर आणि मेट्रनबाई मागे धावल्या. मीही धावले, तर दारात वॉर्डबॉय मामांनी अडवलं.

"मामा, माही मुलाखत हाये."

"बापाची हे हालत, अन तुले मुलाखत सुचून राह्यली?"

आतून कात्रीचा आवाज आला. मग अब्बू. "हां, आता ऐकू आलं! अस्सलाम आलेकुम."

"जखम कुठी हाये?" मेट्रनबाई.

"कोनती जखम? मेंदी हाये बाई. पोरीची मुलाखत हाये ना आज."

मला आत बोलावलं. लाज अशी वाटत होती की रडूही येईना. अब्बूंनी एवढी भांडणं केली ती या दिवसासाठी, आणि मी त्यांना स्ट्रेचरवर झोपवलं होतं!

"पट्टी कोनं बांधली?"

"मी."

"कान काऊन बांधले?"

मेट्रनबाईंनी पट्टीचं टोक उजेडात धरलं. "अन हे टाके?"

"अब्बूंनी."

"सुरेख हायेत," त्या म्हणाल्या.

मुलाखतीला गेले मी आणि काम लागलं अब्बूंना. दवाखान्याच्या चादरी, पडदे, पेशंटचे कपडे शिवायला त्यांना कोणी सापडत नव्हतं. जागा ब्रह्मपुरीच्या एका मुलीला मिळाली. चाचा माझ्यासाठी स्थळं बघतच होते, तोवर तीन महिन्यांनी ती लग्न होऊन गेली, तेव्हा अब्बूंनी शिलाई मशीनवरून मान वर करून मेट्रनबाईंकडे माझ्यासाठी शब्द टाकला. चाचा अजून सांगतात, पोरगी स्वतःच्या हिमतीवर लागली. मी त्यांचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही.

इतक्या वर्षांत मी बाळंतपणं केली, साप चावलेले सांभाळले. पण डोकं फुटलेला पेशंट आला आणि मी पट्टी हातात घेतली, की मामा अजून अदबीनं विचारतात, "सिस्टर, टेलरभाऊले बोलावू काय?"