बोट ठेवा, कुटं लिवलंय

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिनं बाजरी पाखडली आणि मी पुस्तक वाचलं. दुपारचे चार वाजले असतील. ती ओट्यावर सूप घेऊन बसलेली, मी उंबऱ्याला पाठ लावून. पुस्तक साहेबांच्या भाषणांचं. वाचलं म्हणजे काय, बोट सरकवलं. माझं शिक्षण चौथी. जोडाक्षर आलं की माझी गाडी चिखलात रुतते. तिला तर अक्षराची ओळखच नव्हती, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे.

"थांबा," ती म्हणाली. "सुपाचा आवाज हुतोय. आता आपल्या गावचं हाय ना?"

"व्हय."

तिनं सूप बाजूला ठेवलं, हात झटकले, पदर डोक्यावरून नीट घेतला. कीर्तनाला बसल्यासारखी बसली.

"हां. म्हना आता."

ह्या गावानं मला मोठं प्रेम दिलं, इथून साहेब सुरुवात करतात. तेवढं मी अडखळत वाचलं. मग पुढचं म्हणालो.

"ही माऊली आत्ता बायांमधून उठली. हिचं पोर दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीत गेलं. तरी हिनं सोताची जागा गावाला दिली. ह्या जागेवर दवाखाना उभा राहील, आन् पायरीवर ह्या माऊलीचं नाव आसंल. न्हाई झालं, तर मला ह्या गावात पाय ठेवू देऊ नका."

तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. संपल्यावर ती पुस्तकाजवळ सरकली. मग म्हणाली, "कुटं लिवलंय? बोट ठेवा."

मी पानावर बोट ठेवलं. तिनं आपलं बोट कपाळाला लावलं, माझं बोट बाजूला सारलं आणि त्या जागी कुंकू टेकवलं.

"आन् नारळाचं?"

"कसल्या नारळाचं?"

"जागा माजी, आन् नारळ-टोपी तुमाला. त्ये लिवलंय का?"

"न्हाई."

"मंग आर्धंच खरं हाय म्हना पुस्तक," असं म्हणून ती हसली आणि चहा ठेवायला आत गेली. बाजरी अर्धी सुपात, अर्धी पोत्यात, तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती शेळीची धार काढायला बसली आणि तिथंच कलंडली. मी शेजारचा टेम्पो आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आता खरं सांगतो. मी जे म्हणालो ते त्या पुस्तकात नव्हतं. त्यातलं एक वाक्य नव्हतं.

साहेब कोण ते सांगायची गरज नाही. प्रत्येक तालुक्याला एक साहेब असतो आणि तो आपल्या तालुक्याचा देव असतो. आमचे साहेब दोन वर्षांमागे वारले. मग त्यांच्या माणसांनी त्यांची भाषणं गोळा करून हे जाडजूड पुस्तक काढलं आणि जुन्या कार्यकर्त्यांना फुकट वाटलं. मी जुना कार्यकर्ता. साहेबांच्या सभेला मी चाळीस वर्षं सतरंज्या अंथरल्या. भाषण कधी धड ऐकलं नाही, कारण सभा चालू असताना माझं लक्ष सतरंज्यांवर. लोक बिडीनं भोकं पाडतात.

पुस्तक घरी आणलं तेव्हा तिनं ते हातात तोलून बघितलं. "लई वजन हाय. मंग आपलं आसंलच ह्यात."

मी म्हणालो, काढतो आपल्या गावचं पान. तर तिनं हात धरला. "आसं न्हाई. पोथी मदनंच उघडत नस्त्यात. अदी पयल्यापास्नं म्हना. आपलं यील तवा यील."

म्हणून आम्ही पहिल्यापासून लागलो. रोज दुपारी एक भाषण. पुस्तक पाटावर ठेवायचं, खाली फडकं. ती आधी चूळ भरून यायची. साहेब उसाच्या भावावर बोलले ते तिनं ऐकलं, धरणाच्या पाण्यावर बोलले ते ऐकलं, दिल्लीवाल्यांना शिव्या दिल्या त्या ऐकल्या. मधेमधे तिचं चालायचंच. "ह्ये तर त्यांनी कोपरगावच्या सभंला बी म्हनलं हुतं, पावनी सांगत हुती." नाहीतर, "उसाचं लई झालं वो, बाजरीचं काय बोलतोय का बघा." मी रागवायचो. पोथीत मधे बोलत नाहीत ना? ती म्हणायची, "ह्यो द्येव आपल्याच सतरंजीवर बसल्याला हाय. बोललं तर चालतंय."

ती कशाची वाट बघत होती ते मला ठाऊक होतं, आणि त्यासाठी मागचं सांगायला पाहिजे.

तिचं माहेर ह्याच गावात. तिच्या बापानं लग्नात तिला चोळीबांगडीला म्हणून दहा गुंठे दिले. लेकीला सासरी हात पसरावा लागू नये म्हणून बाप असा तुकडा देतो. त्यात नवऱ्याचा हक्क नसतो, भावाचा नसतो. तो तुकडा शिंगणापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून होता. त्या वेळी तिथून दिवसाला दोन एसट्या जायच्या. आमचं पहिलं पोर त्याच रस्त्यावर बैलगाडीत जन्मलं आणि त्याच रस्त्यावर गेलं. बैल मीच हाकत होतो. त्यापुढचं मी लिहिणार नाही.

त्यानंतर तीनेक वर्षांनी साहेबांची सभा झाली. साहेब म्हणाले, दवाखाना मंजूर करून आणतो, गावानं रस्त्याकडेची जागा द्यावी. गावातले मोठे बागायतदार खाली बघायला लागले. मी मंडपाच्या दोरीजवळ उभा होतो. तेवढ्यात बायांच्या बाजूनं आवाज आला, "माजी हाय, घ्या." मी वळून बघतो तर आमचीच. मला विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं, जागा तिची.

मग साहेब ते बोलले. मी वर लिहिलंय ते. मी सतरंजीवाला असून तेवढं ऐकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. साहेबांनी मला वर बोलावलं, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. ती खालीच उभी. त्या रात्री नारळ फोडताना ती म्हणाली, "पानी तरी मला द्या."

पुढं कागद झाला. तिनं अंगठा दिला. कागदावर दवाखान्याचा शब्द आहे का, पायरीचा आहे का, हे मी बघितलं नाही. लिहिणारा कारकून म्हणाला, "गावाच्या नावानं करतोय, तात्या. बाकी साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलंच हाय की." मला ते पटलं. आमच्याकडं सभेत बोललेलं म्हणजे पक्कं, कागद म्हणजे सरकारला दाखवायचा. उलटं असतं हे मला फार उशिरा कळलं.

दवाखाना झाला नाही. आधी तिथं खडी पडली, मग खडी उचलली, मग साहेबांचं संपर्क कार्यालय झालं आणि त्याच्या दोन्ही अंगांना गाळे निघाले. आता त्या रस्त्यानं शनीला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. दारं नसलेली घरं बघायला लोक लांबून येतात. वाटेत आमच्या जागेवर शटर आहे, ते कोण बघतो?

आणि साहेब गावात पुन्हा आले की नाही? आले. पुष्कळदा आले. पाय ठेवू देऊ नका म्हणाले होते. आम्ही त्यांच्या पायाखाली सतरंजी घातली. मीच घातली.

तिनं मला एकदाच विचारलं. सभेहून आलो होतो, ती भाकरी थापत होती. "पायरीचं काय म्हनले का?" मी म्हणालो, साहेबांच्या डोक्याला शंभर कामं असतात. ती म्हणाली, "आसत्यात की." त्यानंतर विचारलं नाही. पण बोललेलं कुठंतरी उतरवून घेतलेलं असणार, सभेत वहीवाला माणूस बसलेला तिनं बघितला होता, एवढं तिनं धरून ठेवलं. म्हणून पुस्तकाचं वजन बघून तिला आनंद झाला.

मी पोथीचा नियम मोडला. ती पाण्याला गेली असताना आमच्या गावचं पान काढून बघितलं. गावानं प्रेम दिलं, हे होतं. मग तीन टिंबं. मग लगेच शेतकऱ्यांची एकजूट. मला वाटलं छापताना शाई पडली असेल. पुढचं मागचं पान बघितलं. कुठंच काही नाही. मी पुस्तक मिटून पाटावर ठेवलं आणि त्यानंतर आठ दिवस मुद्दाम हळू वाचलं. एकदा डोळे दुखतात म्हणालो, एकदा शेळी हरवली म्हणालो. पण पान आलंच.

तिच्या दहाव्याला ओढ्याकाठी गाव जमलं. आमच्या भागात दहाव्याला माइक असतो. पिंडाला कावळा शिवायच्या आधी पुढारी भाषण करतात. ज्यांनी तिला आयुष्यात बघितलं नाही त्यांनी तिच्याविषयी सांगितलं. साहेबांच्या कार्यालयातला एक म्हणाला, माऊलीची साहेबांवर फार निष्ठा होती. मागून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "निष्टा कसली, जागा हुती." बायांनी तिला गप्प केलं.

पुस्तक ज्यांनी तयार केलं ते सरही आले होते. तालुक्याच्या शाळेतून निवृत्त झालेले, साधा माणूस. लोक पांगल्यावर मी त्यांना घरी नेलं आणि पान काढून समोर धरलं.

"सर, हितं काय हाय?"

त्यांनी चष्मा लावला. "हे लाल काय लागलंय, तात्या?"

"तिचं बोट. त्याच्याखाली बघा."

त्यांनी पान उजेडात धरलं. "तीन टिंबं आहेत. मधला मजकूर गाळला की देतात तशी."

"म्हंजी मजकूर हुता?"

"होता ना. वहीत होता. जागेचं, दवाखान्याचं, पायरीचं." ते थोडे खूशच झाले, आठवलं म्हणून. "मीच काट मारली त्यावर. वाक्य चांगलं होतं."

"मंग का मारली?"

"तात्या, स्थानिक गोष्टी, आश्वासनं, सगळ्याच गावांची काढली. पुस्तक विचारांचं आहे. आश्वासन ठेवलं की वाचणारा विचारतो, पुढं काय झालं."

"म्हंजी वाचनाऱ्यानं इचारू नये म्हनून काढलं."

सरांनी पुस्तक मिटून पाटावर ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मला वरून तसं सांगितलं होतं. पण तुमचं ते मी काढायला नको होतं." चहा न घेता गेले.

दवाखाना असता तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. तालुक्याच्या डॉक्टरला मी नंतर विचारलं, तो म्हणाला, मोठ्या इस्पितळाच्या दारात पडली असती तरी उपयोग नव्हता. माझा राग त्याचा नाही. साहेब खोटं बोलले याचाही आता मोठा राग नाही, पुढारी बोलतात. पण तिनं चाळीस वर्षं ज्या वहीवर भरोसा ठेवला, ती वही खरंच होती. त्यात ती होती. आणि एका बऱ्या माणसानं घरात बसून, चहा पीत असेल, तिला खोडलं.

आणि मी काय केलं? मी तिला खोटं वाचून दाखवलं. तिला पाठ असलेलंच तिला परत दिलं आणि टिंबांवर बोट ठेवलं. सर गेल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं. त्या दुपारी, त्या पाच-सहा वाक्यांत मी एकदाही अडखळलो नव्हतो. जोडाक्षरं होती की त्यात. जलमभर जिनं मला 'प्रश्न' आणि 'कष्ट' यांच्यापाशी घाम पुसताना बघितलं, तिला हे कळलं नसेल? तिचे ओठ हलत होते, पण डोळे माझ्या बोटावर होते आणि बोट जागचं हललं नव्हतं. कळलं असेल तर तिनं कुंकू कशाला लावलं, हे आता मला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. शेळीची धार काढली. पाणी तापवायला चूल पेटवली आणि फळीवरची साहेबांची टोपी तिच्यात घातली. नारळ तर तेव्हाच खाल्ला होता. अंघोळ करून पुस्तक पाटावर घेतलं, गॅसच्या पुस्तकाला अडकवलेला बॉलपेन काढला आणि कुंकवाच्या शेजारी, कडेच्या मोकळ्या जागेत लिहायला बसलो. साहेब जसं बोलले तसं लिहिलं, हाय ला हाय, न्हाई ला न्हाई. कडेची जागा पुरली नाही, मग खालून फिरवून घेतलं. शेवटी तिचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांत मी ते कधी तोंडानं घेतलं नव्हतं, लिहायचा तर प्रश्नच नव्हता. इथं लिहीत नाही. तिथं लिहिलंय, ज्याला बघायचं त्यानं घरी यावं.

मग ओट्यावर गेलो. अर्धी राहिलेली बाजरी तशीच सुपात होती. तिच्यासमोर बसून पान पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं, बोट ठेवून. माझंच अक्षर मला लागेना. तीन ठिकाणी थांबलो. नावात एक जोडाक्षर आहे, तिथंही थांबलो, परत मागं गेलो आणि परत म्हणालो.