हॅनाचं माहेर

“तिचं माहेर कुठलं?” अण्णांनी विचारलं.

“हॉलंड.”

“मग जाऊ दे की हॉलंडला. पयलं बाळंतपण म्हायेराचं असतंय. कंपनी म्हंजी सासर. सासरनं कशाला खर्च करायचा?”

अण्णा आमचे मालक. येडगावला त्यांची गुलाबाची ग्रीनहाऊसेस होती, फुलं परदेशी जायची. मी तिथला पर्सोनेल ऑफिसर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. हॅनाला आम्ही वर्षाच्या वर्क व्हिसावर आणलं होतं, गुलाब कसे वाढवायचे ते शिकवायला. नवरा बोटीवर नोकरीला. इथे आल्यावर कळलं, की तिला दिवस गेलेत.

जाणं शक्य नव्हतं. तिचं बीपी वाढलेलं होतं आणि आळेफाट्याच्या डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. ऑपरेशनही लागेल म्हणाल्या. देश सोडला तेव्हाच हॅनाचा तिकडचा विमा बंद झालेला. ती रोज मला इथल्या विम्याचं विचारायची, “पेपर आला?” रोज नाही म्हणताना मला लाज वाटायची.

मी विमा कंपनीच्या पुण्याच्या साहेबांना गाठलं. आमची ग्रुप पॉलिसी होती, म्हणजे सगळ्या स्टाफचा मिळून एकच विमा. त्यात बाळंतपण नव्हतं.

“एकट्या गरोदर बाईला विमा म्हणजे घर पेटल्यावर आगीचा विमा,” साहेब म्हणाले. “सगळ्या बायकांना मॅटर्निटी घ्या. मग वेटिंग पीरियड माफ करतो.”

वेटिंग पीरियड म्हणजे विमा घेतल्यावर फायदा मिळेपर्यंत थांबायचा काळ. पोटातलं बाळ काही थांबणार नव्हतं.

अण्णांना हे सांगितलं, तर ते आणखीच भडकले. पॅकिंगला सगळ्या नव्या लग्नाच्या पोरी. “सगळ्यांची बाळंतपणं मी करू?”

मी तोंड पाडून पॅकिंग हॉलमध्ये गेलो. तिथली मुकादम कौसाबाई. तिला अण्णांचं सासर-माहेर ऐकवलं. ती फुलांच्या जुड्या बांधत राहिली. मग म्हणाली, “सायेब, शुक्रवारी जरा लवकर सुट्टी द्या. बाकी तुमी बोलू नका.”

शुक्रवारी पॅकिंग टेबलावर ताटं मांडली गेली. हॅनाचं डोहाळजेवण. हिरवी साडी, अंगावर फुलांचे दागिने. एक्सपोर्टला न जाणारे गुलाब एरवी फेकून द्यायचो, त्या दिवशी एकही उरला नाही. झाकलेल्या दोन वाट्यांतली एक हॅनाने उघडली, बर्फी निघाली. मुलगी होणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. हॅनाला काही कळत नव्हतं, पण ती “लई भारी” म्हणत पुरणपोळी चापत होती.

काम का थांबलं बघायला अण्णा तणतणत आले, तर समोर त्यांचीच बायको, आमच्या काकू. बायकोला ते घाबरत नसत, असं तेच सांगायचे. काकूंनी त्यांच्या हातात साडी ठेवली.

“द्या तिला. तिचा भाऊ हितं न्हाई.”

सगळ्या बायका बघत होत्या. अण्णांनी मुकाट्याने साडी दिली. कौसाबाईने त्यांना पाटावर बसवून ताट वाढलं. अण्णांनी पुरणपोळीचा घास घेतल्यावर ती बोलली.

“आण्णा, साडी दिली, म्हंजी तुमी भाऊ झालात. भावाचं घर म्हंजी म्हायेर. आन पयलं बाळातपण म्हायेराचं, ह्ये तर तुमीच सायबांना म्हणला व्हता.”

घास तोंडात असल्यामुळे अण्णांना बोलता येईना. घास गिळून त्यांनी ताट स्वच्छ केलं, हात धुतले आणि मला म्हणाले, “त्या पुण्याच्या साहेबाला फोन लाव.”

पॉलिसी वेळेत आली. हॅनाचं ऑपरेशनच करावं लागलं. त्या दिवशी अण्णा दवाखान्याच्या पायरीवर बसून होते, चहासुद्धा घेतला नाही. मुलगी झाली, दोघी सुखरूप. विमा कंपनीने क्लेम, म्हणजे दवाखान्याचा खर्च, मंजूर केला. माझा जीव भांड्यात पडला.

वर्षभरात पॅकिंगच्या आणखी तिघींना दिवस गेले. कुणीच माहेरी जायचं नाव काढेना. अण्णा वैतागून हॉलमध्ये आले.

“कौसाबाई, आता समद्यांचाच भाऊ झालो का मी?”

“व्हय की,” ती म्हणाली. “साड्या आणल्या का?”

नोकरीत एवढं शिकलो. मालकाला दुसऱ्याचा नियम सांगून उपयोग नसतो. त्याचाच नियम पाहायचा आणि कौसाबाईच्या कानावर घालायचा.